बंब हद्दीपर्यंत, आग हद्दीबाहेर

१४ एप्रिल ही तारीख आपल्या वाचकांना सांगावी लागत नाही. पण त्याच दिवशी देशभरातल्या अग्निशमन केंद्रांवरही मानवंदना दिली जाते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा होता आणि जोडीला कापसाच्या गाठी होत्या. आग विझवायला धावलेल्या अग्निशमन दलाचे ६६ जण त्या स्फोटात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि २० एप्रिलपर्यंतचा आठवडा सेवा सप्ताह म्हणून. स्फोट झाला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते.

योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. परंतु जयंतीची मिरवणूक आणि अग्निशमन दलाची कवायत एकाच सकाळी निघत असेल, तर त्या निमित्ताने एक प्रश्न विचारायलाच हवा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्याच्या बौद्ध वस्तीत, कोलामांच्या पोडावर, बंजारा तांड्यावर किंवा पारध्यांच्या बेड्यावर आग लागली, तर पाणी घेऊन येणारा बंब कोणाचा? त्याच्या डिझेलचे आणि त्यावरच्या माणसांच्या पगाराचे पैसे कोण देतो? आणि तो यायला बांधील आहे का?

जिल्ह्याची पाने वाचणाऱ्यांना उन्हाळ्यातली एक बातमी पाठ झालेली असते. ‘शॉर्टसर्किटने घराला आग, संसारोपयोगी साहित्य खाक.’ खाली चार ओळी. घरात कोणी नव्हते, सगळे मजुरीला गेले होते. धान्य, कपडे, कागदपत्रे आणि विकायचा राहिलेला कापूस जळाला. शेजाऱ्यांनी हंडे-बादल्यांनी आग विझवण्याचा प्रयत्न केला. अग्निशमन दलाला कळवले, पण बंब पोहोचेपर्यंत राख झाली होती. तलाठ्यांनी पंचनामा केला. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पंचनाम्याचे नाव तेच राहिले.) दरवर्षी गावाचे आणि घरमालकाचे नाव बदलते, बाकी मजकूर तोच. ‘बंब पोहोचेपर्यंत’ हे दोन शब्द इतके सरावाचे झाले आहेत की पावसाला उशीर झाला म्हणावे तसे ते छापले जातात. पावसाला सरकार जबाबदार नसते. बंबाला आहे.

बातमीत न येणारी गोष्ट म्हणजे त्या घराची रचना. भिंती कुडाच्या किंवा मातीच्या, वर टिन किंवा कवेलू, कुठे गवत. चुलीसाठी पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा ढीग घराला टेकून रचलेला, कारण ठेवायला दुसरी जागा नाही. जनावर असले तर कुटारही तिथेच. भाव चढेल या आशेने घरातल्या एकुलत्या खोलीत कापूस भरलेला, आणि त्याच खोलीच्या आढ्याला एक लोंबणारी वायर. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा हे घर म्हणजे काडेपेटीच असते. वस्ती गावकुसाच्या कडेला, गल्ली इतकी अरुंद की बैलगाडी फिरत नाही. तिथे पाच-सहा हजार लिटर पाण्याचा बंब आला तरी आत कसा शिरणार? जिनिंगमधल्या कापसाला विमा असतो. या खोलीतल्या कापसाला नसतो, आणि वर्षाची सगळी कमाई तीच असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इथेच खरी मेख आहे.

१९९२ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली. पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली, तिच्यात २९ विषय. नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली, तिच्यात १८ विषय. बाराव्या अनुसूचीत सातव्या क्रमांकावर ‘अग्निशमन सेवा’ आहे. अकराव्या अनुसूचीचे २९ विषय वरून खाली आणि खालून वर वाचा. शेती आहे, मत्स्यव्यवसाय आहे, इंधन आणि चारा आहे, ग्रामीण विद्युतीकरण आहे. म्हणजे जळणारे सगळे काही आहे. विझवणारे कोणी नाही.

राज्याच्या कायद्याचीही तीच तऱ्हा. १९६५च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणे हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. अनेक ठिकाणी घरपट्टीच्या पावतीवर अग्निशमन कराची वेगळी ओळ असते. गावाच्या वाट्याला ग्रामपंचायत कायद्यात आगीच्या वेळी मदत करण्याचे काम आले आहे. मदत म्हणजे बादली! सेवा उभारण्याचा पैसा, माणूस, वाहन यातले काहीच त्या शब्दाबरोबर आले नाही.

हा नुसता शब्दांचा वाद नाही, त्यावर पैसा वाहतो किंवा अडतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के ‘मुक्त’ होता, गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरावा असा. पण कशावर? अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर, आणि पगारासाठी तर अजिबात नाही. म्हणजे एखाद्या जागरूक सरपंच बाईने ठरवले असते की टँकरला पंप बसवू आणि गावातल्या दोन पोरांना मानधन देऊन तयार ठेवू, तर पंपासाठी तिला पाणीपुरवठ्याच्या शीर्षाची पळवाट शोधावी लागली असती आणि मानधनासाठी तीही सापडली नसती. त्याआधी तेराव्या आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानाला आगीची अट घातली होती, तीही दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी. या जिल्ह्यात तर एकही महानगरपालिका नाही.

कोणी म्हणेल, मग दोष राज्यघटनेचा झाला. तसे मुळीच नाही, आणि आपल्या लोकांनी हा मुद्दा नीट ध्यानात ठेवावा. पंचायतींना अधिकार देणारे २४३छ हे कलम राज्याच्या विधिमंडळाला मोकळीक देते. अकराव्या अनुसूचीतल्या विषयांसह, म्हणजे त्यांच्याखेरीजही, राज्य पंचायतींकडे कामे सोपवू शकते आणि त्यासाठी पैसा देऊ शकते. स्थानिक शासन हा विषयच राज्यसूचीतला आहे. घटनेने हात बांधलेले नाहीत. राज्यकर्त्यांनी ते खिशात घातले आहेत.

यवतमाळच्या नकाशावर हे मांडून पाहिले की चित्र स्पष्ट होते. क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांवर, आणि दर पाचांतले जवळपास चार जण खेड्यात राहणारे. अनुसूचित जाती सुमारे १२ टक्के, अनुसूचित जमाती १८ टक्क्यांवर. नगरपरिषदा यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, घाटंजी, पांढरकवडा, नेर आणि आर्णी येथे. बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी आणि महागाव ही तालुक्याची गावे कालपरवापर्यंत ग्रामपंचायती होती, त्यांच्या नगरपंचायती गेल्या दशकातल्या.

देशात अग्निशमनाची मानके ठरवणारी स्थायी अग्निशमन सल्लागार परिषद आहे. ग्रामीण भागात बंब २० मिनिटांत पोहोचावा, हे तिचे मानक. आता एक साधा हिशोब करू. भरलेला बंब आपल्या रस्त्यांवर ताशी ४० किलोमीटरने गेला, असे मोठ्या मनाने धरले, तर २० मिनिटांत तो सव्वातेरा किलोमीटर जातो. तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर क्षेत्रफळ साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास. सोळाही तालुक्यांच्या ठिकाणी चोवीस तास सज्ज बंब उभा आहे असे गृहीत धरले, तरी सोळा वर्तुळे मिळून जेमतेम नऊ हजार चौरस किलोमीटर. साडेचार हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याचा एक तृतीयांश भाग, कागदावरसुद्धा बाहेर राहतो. आणि रस्ते वर्तुळाच्या त्रिज्येसारखे सरळ नसतात. ते नाल्याला वळसा घालतात, टेकडी चढतात, पावसाळ्यात मध्येच संपतात. बाहेर राहणारा हा भाग कोणाचा, ते सांगायला नको. झरी-जामणी आणि केळापूरच्या डोंगरातली कोलाम पोडे, महागाव-उमरखेडचे तांडे, पैनगंगेच्या काठची गावे.

हद्दीबाहेर बंब जातच नाही, असे नाही. तहसीलदारांचा फोन येतो, आमदारांचा येतो, कधी मुख्याधिकाऱ्याची माणुसकी जागी असते, आणि बंब निघतो. बंबावरच्या जवानांना दोष देण्यात अर्थ नाही, कॉल आला की जाणारी माणसे आहेत ती. पण शहरात एकच बंब असेल आणि तो तीस किलोमीटरवरच्या गावाला गेला, तर तेवढा वेळ शहर उघडे पडते. मग पाठवू की नको हा विचार होतो आणि त्यात दहा मिनिटे जातात. शिवाय बंबाचा खर्च शहरातल्या घरपट्टीतून आणि गाव घरपट्टी भरत नाही, हा हिशोब कोणाच्या तरी डोक्यात असतोच. परिणामी गावाला बंब मिळतो तो मेहेरबानी म्हणून. आणि मेहेरबानी कोणाच्या फोनवर लवकर होते, हे वस्तीतल्या माणसाला चांगले माहीत आहे.

नगरपालिका तरी कुठे श्रीमंत आहेत? १९९९ साली त्यांची जकात गेली आणि तेव्हापासून पगारासाठीदेखील त्या राज्याच्या सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसतात. अग्निशमनासाठी राज्य काहीच देत नाही, असेही म्हणता येणार नाही. महाराष्ट्र अग्निसुरक्षा अभियान आहे, जिल्हा वार्षिक योजनेत अग्निशमन आणि आणीबाणीच्या सेवांच्या बळकटीकरणाचे शीर्ष आहे. त्यातून केंद्राची इमारत होते, बंब येतो. पालकमंत्री नारळ फोडतात, फोटो छापून येतो. पण बंब चालवायला माणसे लागतात. एका बंबावर चालक, प्रमुख आणि चार जवान असे सहा धरा. तीन पाळ्यांचे अठरा, साप्ताहिक सुट्या धरून एकवीस. एका बंबामागे एकवीस पगार! ते कोणी द्यायचे, हा प्रश्न निघाला की अनुदान संपते. इमारत आणि वाहन हा भांडवली खर्च, तो एकदाच होतो आणि डोळ्यांना दिसतो. माणूस दरमहा खर्चाचा असतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. म्हणून मग कंत्राटदारामार्फत पोरे घेतली जातात, कधी पाणीपुरवठ्याचा तर कधी सफाईचा कामगार नळी धरायला उभा केला जातो. कंत्राटी पोराला ना प्रशिक्षण, ना धड बूट, ना त्याच्यामागे बायकामुलांना आधार. या कंत्राटात कोणत्या समाजाची पोरे भरली जातात आणि पक्क्या जागेवर आरक्षण लागू होईल म्हणून ती जागा का भरली जात नाही, हा आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न इथेही उभा राहतो. २०२३ साली नगरपरिषद राज्यसेवेच्या १,७८२ जागांची जाहिरात निघाली, त्यात अग्निशमन सेवेच्या ३७२ होत्या. आपल्या मुलांनी अशा जागांवर डोळा ठेवावा, हे जाता जाता. पण त्या साऱ्या राज्यातल्या नगरपरिषदा-नगरपंचायतींसाठी होत्या. नळी धरणारा फायरमन त्या-त्या नगरपालिकेच्या ऐपतीवरच राहिला.

अग्निशमनाचे शिक्षण देणारी देशातली सर्वांत मोठी संस्था, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, १९५७ पासून नागपुरात आहे. यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर. देशभरातले अधिकारी तिथे शिकून जातात. विदर्भाच्या खेड्याला त्याचा किती उपयोग झाला, हे विचारू नये.

पैशाची दुसरी वाट २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने उघडली. हा कायदा अमलात आला तो ६ डिसेंबर २००८ रोजी. पुन्हा एक तारीख. कायदा चांगला आहे. इमारतीच्या मालकाने आगीपासून बचावाची यंत्रणा बसवावी, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, ती चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, अशी त्यात सोय आहे. बांधकामाच्या वेळी शुल्क आकारण्याचीही तरतूद आहे. पण हे शुल्क बांधकामाच्या आकारावर ठरते. जिथे टॉवर उभे राहतात तिथे पैसा जमतो. मुंबई-पुण्याच्या तिजोरीत त्याची भर पडते. पोडावरच्या कुडाच्या घराचे शुल्क शून्य, म्हणून त्याच्या वाट्याची सेवाही शून्य. जोखीम कुडाच्या घराला जास्त आणि संरक्षण काँक्रीटला जास्त, असा हा उलटा न्याय आहे. औद्योगिक वसाहतींना एमआयडीसीची अग्निशमन सेवा आहे. वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणींना खाणकायद्याप्रमाणे बचावपथकाची व्यवस्था ठेवावीच लागते. कोळशाला आग लागली तर काय करायचे हे लिहून ठेवलेले आहे. कोळसा काढणाऱ्या मजुराच्या झोपडीला लागली तर काय, ते लिहिलेले नाही.

सरकारी इमारतींचे तरी काय? ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा कोवळी मुले गेली. गरिबांच्या घरची मुले. ज्यांना खासगी दवाखाना परवडतो, त्यांची तिथे नव्हती. अग्निसुरक्षा यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर पडून असल्याचे त्यानंतर वृत्तपत्रांतून आले. मग राज्यभर ऑडिटचे आदेश सुटले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयात १५ आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण आगीत गेले. ऑडिट म्हणजे कागद. कागदावर पाणी मारता येते, कागदाने नाही.

केंद्राने ४ जुलै २०२३ रोजी राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना जाहीर केली. पंधराव्या वित्त आयोगाच्याच शिफारशीवरून, आपत्ती निधीतल्या पूर्वतयारीच्या वाट्यातून. बहुतेक राज्यांनी २५ टक्के वाटा स्वतःचा घालायचा. मुदत २०२५-२६ पर्यंत. यातूनही मिळणार काय, तर केंद्रे, साहित्य, प्रशिक्षण. पगार नाही. आणि गरज किती होती? २०१२च्या सुमारास केंद्रीय गृहखात्याने करवून घेतलेल्या पाहणीत मानकांच्या तुलनेत देशात ९७ टक्क्यांहून अधिक केंद्रे आणि ९६ टक्क्यांहून अधिक माणसे कमी असल्याचे दिसले होते. माणसांची तूट एवढी प्रचंड आणि योजना साहित्याची.

पैनगंगेच्या पलीकडे पाहा. केळापूर आणि झरी-जामणीला लागून तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. तिथे अग्निशमन हे राज्याचे खाते आहे, आंध्राच्या काळापासून. बंब राज्याचा, जवान राज्याच्या पगारावर, आणि गाव नगरपालिकेच्या हद्दीत आहे की नाही हा प्रश्न केंद्रावरच्या माणसाला पडायचे कारण नाही. केरळ आणि तमिळनाडूतही खाते राज्याचे. ओडिशाने १९९९च्या महाचक्रीवादळानंतर शहाणे होऊन ब्लॉकच्या पातळीपर्यंत केंद्रे नेली. तिथे सगळे आलबेल आहे असा दावा नाही, रिक्त पदे तिथेही असतात. पण ही सेवा द्यायला कोण बांधील आहे, याचे उत्तर तिथे एका शब्दात मिळते. महाराष्ट्रात अग्निशमन सेवेचे संचालनालय आहे, संचालक आहेत, पण खेड्याकडे निघणारा बंब त्यांचा नाही. पुरोगामी महाराष्ट्र म्हणवणाऱ्यांनी हे आदिलाबादच्या माणसाला समजावून सांगावे.

आगीबद्दल इतके झाले. बचावाची अवस्था याहून वाईट आहे, कारण तिथे तर नगरपालिकेचा बंबही उपयोगाचा नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची बस पुरात वाहून गेली. पहिल्यांदा धावले ते आसपासचे लोक. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पाण्याने वेढला आणि लोकांना काढण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला, केंद्राची बटालियन पुण्याजवळ. हेलिकॉप्टर पाठवले याबद्दल सरकारचे आभारच. पण हेलिकॉप्टरच्या एका फेरीत येणाऱ्या खर्चात किती रबरी होड्या, किती दोर आणि किती जीवरक्षक जाकिटे आली असती, हा हिशोब नियोजन समितीच्या बैठकीत एकदा मांडून पाहावा. जिथे दरवर्षी पाणी चढते ती गावे महसूल खात्याला नावानिशी माहीत आहेत.

राखेचा दर मात्र सरकारने पक्का ठरवला आहे. केंद्राच्या यादीत पूर, दुष्काळ, भूकंप यांच्याबरोबर आग हीसुद्धा आपत्ती आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत मैदानी भागातले पूर्ण नष्ट झालेले घर १,२०,००० रुपये. झोपडी ८,००० रुपये. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. गोठा ३,०००. आता त्या कुडाच्या खोलीला घर म्हणायचे की झोपडी, हे पंचनामा करणाऱ्याच्या लेखणीवर. एका शब्दाने एक लाख बारा हजारांचा फरक पडतो. आपल्या कार्यकर्त्यांनी आगीनंतर भेट द्यायला जाताना हार-फुले नेली नाहीत तरी चालेल, पण पंचनाम्याची प्रत वाचून पाहावी आणि त्यात ‘झोपडी’ लिहिले आहे का ते तपासावे. घरातला कापूस तर बहुधा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आपल्या समाजाला आग ही अपघात म्हणूनच माहीत आहे असे नाही. १९७८ साली विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जाळल्या गेल्या. २५ डिसेंबर १९६८ रोजी तमिळनाडूत किळवेणमणीला ४४ दलितांना एका झोपडीत जाळले गेले. त्या रात्री कुठल्या केंद्रावरून बंब निघायला हवा होता? जिथे गावाकडे पाण्याचा हक्कच गावाच्या मर्जीवर असतो, तिथे वस्तीची आग विझवायला कोणाच्या विहिरीवर पंप लावायचा हाही प्रश्न असतो. महाडचा सत्याग्रह करणाऱ्यांच्या नातवंडांना तो समजावून सांगायची गरज नाही. गावाच्या चांगुलपणावर सोडलेली सेवा वस्तीपर्यंत पोहोचतेच असे नाही. १९३२ साली मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हीच धास्ती मांडली होती. म्हणून अग्निशमन नुसते ग्रामपंचायतीच्या गळ्यात बांधा, ही मागणी आपण करू नये. मागणी राज्याच्या सेवेची करावी. पगार राज्याचा, केंद्र तालुक्यापुरते न राहता मोठ्या बाजारगावांत, मोठ्या बंबाबरोबर अरुंद गल्लीत शिरणारी पंपाची छोटी गाडी, आणि वस्ती, पोड, तांडा यांतलीच प्रशिक्षित मुले मानधनावर.

पैसा कुठून आणायचा, असा प्रतिप्रश्न येईल. बाबासाहेबांचा १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झालेला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. महसूल कोणी गोळा करायचा, खर्चाची जबाबदारी कोणावर टाकायची आणि पैसा न देता जबाबदारी ढकलली की काय होते, हा त्याचा गाभा. अग्निशमनाच्या बाबतीत राज्याने नेमके तेच केले आहे. टॉवरवरचे शुल्क शहराने ठेवावे, गावाने बादली घ्यावी. त्या शुल्काचा काही भाग राज्याच्या एका निधीत घेऊन खेडी जास्त असलेल्या जिल्ह्यांना पगारासाठी द्यायला काय हरकत आहे? २०२६-२७ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो. पंचायतींच्या निधीच्या अटींवर राज्याने केंद्राकडे तोंड उघडायची हीच वेळ.

इथे एक धोका आहे आणि तो आधीच सांगून ठेवतो. बंबासाठी पैसा नाही म्हणून अनुसूचित जाती उपयोजनेतून घ्या, अशी टूम निघू शकते. उपयोजनेचा पैसा सर्वसाधारण कामांकडे वळवण्याची कला मंत्रालयात जुनी आहे. बंब सगळ्या गावाचा, तो सर्वसाधारण निधीतूनच आला पाहिजे. वस्ती विकासाच्या निधीतून, ज्याला पूर्वी दलित वस्ती सुधार म्हणत, वस्तीत गाडी शिरेल एवढा रस्ता आणि पंप जोडता येईल अशी पाण्याची टाकी मागावी. समाजमंदिराचे बांधकाम करताना अंगणात अशी टाकी करून घेतली तर खर्च फार वाढत नाही. लोंबणाऱ्या वायरसाठी वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिले जाते तेव्हा ती पोच उपयोगी पडते.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा असते, जयंतीनंतर सतराच दिवसांनी. त्या सभेत ठराव मांडायला तीन ओळी पुरतात: आमच्या गावाला कोणत्या केंद्रावरून बंब येईल, किती मिनिटांत येईल, आणि गेल्या पाच वर्षांत तो किती वेळा आला. ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत.